भवानीचं गिऱ्हाईक

बाबांचा चहा घट्ट करायला मला हॉस्पिटलातल्या गिळणं शिकवणाऱ्या बाईंनी शिकवलं. चहा गाळायचा, जरा निवू द्यायचा, मग डब्यातली पांढरी पावडर टाकून ढवळत राहायचं. थोड्या वेळाने चमचा उलटा केला तरी चहा खाली पडत नाही, चमच्याला धरून लोंबत राहतो. असा झाला की तो प्यायच्या लायकीचा. प्यायच्या कसला, खायच्याच.

पहिल्यांदा तो त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा त्यांनी चमचा वर धरून बघितला.

"ह्या काय गो चेडवा? निवडणुकीची पोस्टरा चिकटवूची आसत?"

"चाय आसा, बाबा."

"चाय?" त्यांनी चमचा परत कपात सोडला. "खळ आसा ही."

खोटं नव्हतं. मी आधीच चाखून बघितला होता.

ते मे महिन्यात माझ्याकडे हॉलंडला आले होते, उन्हाळ्यापुरते. परतीचं तिकीट काढून ठेवलेलं होतं. जुलैत एका सकाळी दात घासताना त्यांच्या हातातून ब्रश पडला, तो उचलायला वाकले आणि तिथेच बसले. लकवा. उजवा हात, उजवा पाय आणि घसा. हात-पाय थोडेफार परत आले. बोलणं जड झालं, पण मला कळायचं. घसा मात्र आला नाही.

गिळताना श्वासाच्या नळीवर एक झाकण बसतं, असं त्या बाईंनी मला चित्र काढून दाखवलं. बाबांचं झाकण वेळेवर बसत नव्हतं. म्हणून जे काही पोटात जायचं ते वाटलेलं, मऊ, घट्ट असायला हवं, म्हणजे ते सावकाश सरकेल आणि झाकणाला वेळ मिळेल. सगळ्यात वाईट पाणी. पातळ असतं, वाट मिळेल तिकडे पळतं. आणि आपल्याला निदान ठसका लागतो, बाबांना तोही लागत नव्हता. घास चुकीच्या वाटेने गेला तरी त्या वेळी कळणार नाही. कळेल ते नंतर, ताप चढल्यावर.

डॉक्टर म्हणाल्या, छाती ऑक्टोबरपर्यंत साफ राहिली तर सोबत एक नर्स देऊन विमानाने घरी पाठवता येईल. एकदा जरी छातीत कफ झाला, तर विमान विसरा.

बाबांना घरी जायचं होतं. मला त्यांना जिवंत घरी पोचवायचं होतं. त्या दोन-तीन महिन्यांत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

आमच्या घराबद्दल सांगायला मला लाज वाटत नाही. सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यावर, जिथे गाड्या लावून पर्यटक वाळूत उतरतात, तिथे बाबांची भज्यांची गाडी होती. कांदाभजी, बटाटावडा, मे महिन्यात कोकम सरबत. मी त्या घरातली पहिली पदवीधर. कॉलेज केलं, मग स्कॉलरशिप मिळवून डेल्फ्टला आले, आणि आता अ‍ॅमस्टरडॅमला झुइडासच्या एका काचेच्या इमारतीत नोकरी करते, फोरबर्गहून ट्रेनने जाते-येते. जेवणाच्या टेबलावर कुणी विचारलं, तुझे वडील काय करतात, तर 'छोटा बिझनेस' वगैरे मी म्हणत नाही. समुद्रावर भजी तळतात, म्हणते. मग समोरचा ताटाकडे बघतो. बघू दे.

भजी तळणारा माणूस स्वतः भजी खात नाही हे मात्र लोकांना माहीत नसतं. बाबांनी खाल्लेलं मी क्वचितच पाहिलं. दिवसभर तेलाचा वास नाकात गेला की भूक मरते. ते गिऱ्हाइकाचं तोंड बघायचे. पहिला घास घेतल्यावर माणूस जरा थांबतो, डोळे मिटतो किंवा बाजूच्याला कोपराने ढोसतो, तेवढं त्यांना पुरायचं. खाऊन न बोलता जाणारा माणूस त्यांना मुळीच आवडायचा नाही. "पैसे देवन गेलो, पण खाल्ल्यान खंय?" म्हणायचे.

इथे आल्यावर ते एकदम उलटे झाले. मे-जूनमध्ये दर शनिवारी आम्ही ट्रामने स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर जायचो. ते नाव त्यांना कधीच म्हणता आलं नाही, ते नुसतं 'दर्या' म्हणायचे. आणि त्या दर्यावर जे जे विकायला असेल ते ते त्यांना खायचं असायचं. मी आयुष्यात त्यांना इतकं खाताना पाहिलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्याला खाऊ घातलं, आता गिऱ्हाईक होऊन बघू, असा काहीतरी हिशेब असावा. विचारलं नाही.

पहिल्या शनिवारी हारिंगच्या टपरीसमोर उभे राहिले. इथले लोक हा मासा जवळजवळ कच्चाच खातात. मिठात मुरवलेला, वर बारीक कांदा, शेपटीला धरून मान मागे टाकायची आणि तोंडात सोडायचा. बाबांनी एका उंच, गोऱ्या म्हाताऱ्याला तसं करताना पाहिलं.

"कच्चो मासो? चेडवा, ही माणसा काय मांजरा?"

"तुमका नको तर नको, बाबा."

"नको कोण म्हणता? घी एक."

त्यांनी शेपटीला धरला, मान मागे टाकली, आणि अर्धा तोडून चावत राहिले. तो म्हातारा हसून अंगठा दाखवत होता. बाबांनीही त्याला अंगठा दाखवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मासो काय माका कळाक नाय. पण कांदो बरो चिरल्यान."

त्यानंतर किबलिंग. माशाचे तुकडे, पिठात बुडवून तळलेले, लसणीच्या पांढऱ्या सॉसबरोबर. हे त्यांचंच क्षेत्र. एक तुकडा त्यांनी मोडून उजेडात धरला, आतली वाफ नाकाशी घेतली. एका टपरीवर म्हणाले, तेल कालचं आहे. दुसऱ्या टपरीवर म्हणाले, पीठ जाड आहे, मासा लपवायला. तिसऱ्या टपरीवर काही बोलले नाहीत आणि अख्खा कागदी द्रोण संपवला. मग आम्ही नेहमी तिथेच जायचो. बाजूला उभ्या माणसाच्या हातातले बटाट्याचे जाड काप समुद्रपक्ष्याने झडप घालून नेले, तेव्हा बाबा इतके हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, थंडी होती, जून असूनही लोक जाकिटात होते, आणि माझा बाप तळलेला मासा खात हसत होता. त्यांनी काहीतरी खाल्लेलं मी डोळे भरून पाहिलं ते तेव्हाच.

जुलैनंतर सगळं वाटलेलं. वरण-भात वाटलेला, मासा वाटलेला, केळं कुस्करलेलं. मी मसाला घालायचे, आमसूल घालायचे, तरी सगळ्याची एकच लापशी व्हायची. ते चमचाभर घ्यायचे आणि तोंड फिरवायचे. वजन उतरायला लागलं. डॉक्टरना ते दिसत होतं. खायला हवं, असं त्या माझ्याशी नाही, बाबांशी बोलायच्या, मला मध्ये दुभाषी करून. इथली हीच पद्धत आहे. आपल्याकडे डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात, इथे रोग्याच्या डोळ्यात बघून विचारतात, तुम्हाला काय हवंय? बाबांना त्याचं नवल वाटायचं. आयुष्यात एवढ्या मोठ्या बाईने त्यांना काही विचारलं नव्हतं.

गावाहून भावाचा रोज फोन. तो धाकटा, गावीच रिक्षा चालवतो. खोली रंगवली, खाली बाथरूम करून घेतलं, बाबांना जिना चढायला नको म्हणून. "कधी येतत ता सांग, ताय," एवढंच विचारायचा. मी म्हणायचे, छाती साफ राहू दे.

गिळण्याच्या बाईंनी एकदा एक सुचवलं. माणूस चवीवाचून खचतो, त्यामुळे अधूनमधून त्यांना आवडीचं काहीतरी चघळू द्या आणि थुंकायला लावा. गिळायचं नाही. मी बाबांना समजावलं.

"थुकूचा?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच काहीतरी घाण बोलले. "अन्न तोंडात घालून थुकूचा?"

"बाबा, चव तरी लागात."

"माझ्या गाडयेर कोणी भजा थुकल्यान असता, तर मी तेका परत उभो करूक नसतंय."

बाईंना मी सांगितलं, त्यांना ते जमणार नाही. त्या म्हणाल्या, विचार करू दे त्यांना. मी म्हटलं, विचार करायचा प्रश्न नाही हा. काय ते त्यांना डचमध्ये मला समजावता आलं नाही, आणि मी फार खटपटही केली नाही.

सप्टेंबरात एका शनिवारी बाबा म्हणाले, दर्यावर जाऊया. खायला नको, नुसता वास घ्यायला. सकाळी मदतीला येणारी बाई त्यांना आंघोळ घालून गेली होती, अंगावर स्वच्छ शर्ट होता, ऊन होतं. खुर्ची ट्राममध्ये चढवता येते. मी त्यांच्या पायांवर शाल घातली आणि निघालो. दोन डबे घेतले होते, एकात वाटलेला भात, एकात घट्ट केलेलं पाणी.

आम्ही लवकर पोचलो. बांधावरच्या रस्त्यावर अजून कोणी नव्हतं, एक कुत्र्यावाला सोडून. आमची ती टपरी उघडत होती. टपरीवाली बाई, पन्नाशीची, लाल गालांची, वरचं झापड काठीने ढकलून अडकवत होती. तेल तापत ठेवलं होतं, त्याचा पहिला वास येत होता. बाबांनी हात वर केला म्हणून मी खुर्ची थांबवली.

त्या बाईने आम्हाला ओळखलं. उन्हाळ्यात रोज बाजूने जाणारी माणसं लक्षात राहात नाहीत, पण तुकडा मोडून उजेडात धरणारा म्हातारा राहिला असणार. ती खुर्चीकडे बघून जरा थबकली, मग मोठ्याने "सुप्रभात" म्हणाली. मी विचारलं, उघडलंय का? नुसतं बोलायचं म्हणून विचारलं. ती म्हणाली, हो हो, तुम्हीच आज माझे पहिले.

आणि मी ते बाबांना सांगितलं. माणूस आपल्याशी बोललं की आपण बापाला भाषांतर करून सांगतो, तसं.

बाबा ताठ झाले. "भवानी?"

आमच्याकडे दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. पहिलं गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं की अख्खा दिवस पनवती. म्हणून भवानीच्या गिऱ्हाइकाला विकणारा नडत नाही, आणि ज्याला रीत माहीत आहे ते गिऱ्हाईक भाव विचारून तसाच पुढे जात नाही. गाडीवर सकाळी आधी कोणी नुसतं 'गरम आसत काय?' विचारून पुढे गेलं, तर बाबा दिवसभर त्याच्याबद्दल बोलायचे.

"इचारलंस मां तिका? मगे घेवक होया."

"बाबा, ही बाई भवानी-बिवानी मानत नाय."

"ती मानता काय, ह्या माका कित्या? मी मानतंय."

"तुमी खाव शकनास नाय."

"माझ्यासाठी कोण सांगता? तू खा."

मी एक द्रोण मागितला. ती तुकडे पिठात बुडवून सोडू लागली. तेलाचा आवाज झाला आणि बाबांनी डोळे मिटले. मी मशीनवर कार्ड टेकवलं, पिंग झालं. बाबांनी डोळे उघडले.

"पैसे दिलंस?"

"दिलंय."

"तिच्या हातात काय पडला?"

काहीच पडलं नव्हतं. हे त्यांना मुळीच पटेना. भवानी हातात पडायला हवी, ती कपाळाला लावायची असते. माझ्या पर्समध्ये सुपरमार्केटची ढकलगाडी सोडवायला ठेवलेलं एक नाणं होतं. ते मी त्या बाईच्या हातात ठेवलं. तिने माझ्याकडे, मग बाबांकडे पाहिलं. बाबांनी डावा हात कपाळाला लावून दाखवला. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने ते नाणं घेतलं, हसली आणि आपल्या कपाळाला लावलं. सलाम ठोकल्यासारखं. मग बक्षिशीच्या ग्लासात टाकलं. बाबा समाधानाने मागे टेकले.

मी खुर्ची बाकाशी लावली आणि त्यांच्यासमोर बसून खायला घेतलं.

हे सोपं नव्हतं. दीड-दोन महिने ज्या माणसाने लापशी सोडून काही खाल्लं नाही, त्याच्या पुढ्यात बसून गरम तळलेला मासा खायचा. मी खाली मान घालून घाईने पहिला तुकडा गिळला.

"अशी खातत?" बाबा म्हणाले. "तोंड वाकडा करून? तिका काय वाटात? बरी खा."

म्हणून मी बरी खाल्ली. तुकडा मोडला, वाफ येऊ दिली, सॉसमध्ये बुडवला, सावकाश चावला. बाहेरून कुरकुरीत, आत पांढरा, पापुद्रे सुटणारा मासा. मला भूक लागली होती. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. खरं सांगते, छान लागला. आणि मी ते तोंडावर येऊ दिलं, कारण ते तेवढंच बघत होते. गाडीमागे उभं राहून गिऱ्हाइकाचं तोंड बघायचे तसं.

"बरा लागता?"

"बरा लागता, बाबा."

"तेल आजचा आसा. दिसता."

टपरीवाली बाई काउंटरवर कोपर टेकून आमच्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याला का देत नाही ही. तिने खूण करून विचारलंसुद्धा. मी मान हलवली, घशाकडे बोट दाखवलं. तिने तोंडावर हात ठेवला.

द्रोणात थोडे तुकडे उरले होते तेव्हा बाबा म्हणाले, "एक दी."

"बाबा, नको."

"एक."

"डॉक्टरान सांगल्यान हा. ऑक्टोबरात जावचा आसा मां घराक?"

"डॉक्टर काय भजी तळता?" ते म्हणाले, पण हसले नाहीत. मग जड जिभेने, एकेक शब्द वेगळा करून म्हणाले, "माका घराक जावचा आसा. माका ह्यापण खावचा आसा. मी काय लहान पोर नाय. दी."

मी शिकलेली आहे. ते झाकणाचं चित्र माझ्या डोक्यात पाठ होतं. तरी माझ्यासमोर बसलेला माणूस विचारत नव्हता, सांगत होता, आणि त्या गोऱ्या डॉक्टरणीने त्याला डोळ्यात बघून विचारलेलं मी किती वेळा भाषांतर केलं होतं, तुम्हाला काय हवंय. आज त्यांनी ते भाषांतराशिवाय सांगितलं. मी कुरकुरीत भाग काढून टाकला, आतला मासा बोटांनी बारीक केला, सॉसमध्ये भिजवला आणि त्यांच्या जिभेवर ठेवला.

"चावा. मगे थुका. मी कागद धरतंय."

त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. चावलं, खूप वेळ चावलं. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून सॉस ओघळला, तो मी पुसला. मग हनुवटी छातीला लावली, बाईंनी शिकवल्याप्रमाणे, आणि गिळलं. मी त्यांच्या घशाकडे बघत होते. गळ्याची घाटी वर गेली, थांबली, खाली आली. ठसका नाही. काही नाही.

"बरा तळल्यान," बाबा म्हणाले. "जावन सांग तिका."

मी जाऊन सांगितलं. त्या बाईचे डोळे भरले. मला तिचा राग आला, का ते माहीत नाही.

मंगळवारी त्यांना ताप चढला. बुधवारी श्वास घेताना छातीत घुरघुर ऐकू यायला लागली आणि अँब्युलन्स आली.

त्या एका घासानेच झालं का, हे मला कुणी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, झोपेत स्वतःची लाळसुद्धा जाऊ शकते, कशाने झालं हे शोधता येत नाही. असेलही. नसेलही. मी बाबांना घास भरवल्याचं डॉक्टरांपासून लपवलं नाही आणि भावापासूनही नाही. त्याला फोनवर मीच सांगितलं. तो म्हणाला, "इतक्या शिकान, ताय? इतक्या शिकान बापाशीक मासो चारलंस?"

"त्येनी मागल्यानी."

"मागतले! माणूस इख पण मागात. तू देतलंस?"

मी फोन ठेवला नाही. त्याने ठेवला. त्याने खोली रंगवली होती, त्याचा राग बरोबर होता. माझंही काही चुकलं असं मी त्याला म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण तेव्हापासून त्याच्याशी बोलताना मी आधी वाक्य मनात जुळवते.

हॉस्पिटलात औषधांनी ताप जरा उतरला, पण बाबा उतरले त्याहून जास्त. मग डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, आता तोंडाने काहीच देता येणार नाही. नाकातून पोटापर्यंत नळी घालता येईल. मी मालवणीत सांगितलं.

"नाकान जेवूक मी काय हत्ती?" बाबा म्हणाले.

मी हे डचमध्ये तसंच सांगितलं. डॉक्टर हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, हवी की नको हे त्यांनी ठरवायचं, घाई नाही.

बाबांनी विचारलं, "तिका इचार. नळी घातली तर मी घराक पोचतलंय?"

मी विचारलं. डॉक्टरांचं उत्तर येण्याआधीच ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं. त्या म्हणाल्या, प्रामाणिकपणे सांगायचं तर, मला नाही वाटत. आता विमान नाही. त्यांच्या शरीराला ते झेपणार नाही.

हे वाक्य भाषांतर करायची माझ्यावर वेळ आली. दुभाषी मागवता आला असता, त्यांनी सुचवलंही होतं. मी म्हटलं, नको, माझ्या बापाला मीच सांगेन. मी त्यांचा चांगला हात धरला आणि सांगितलं. "नाय पोचणा, बाबा. ती म्हणता नाय पोचणा."

"मगे नको," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "तुका तरास झालो. आता बस."

पुढचे काही दिवस मी त्यांच्याजवळ खुर्चीवर असायचे. ऑफिसला कळवलं होतं. खिडकीतून पार्किंग आणि ट्रामच्या तारा दिसायच्या. ते बहुतेक वेळ झोपलेले असायचे. ओठ सुकून भेगा पडल्या होत्या, तोंड उघडं राहायचं. जागे झाले की "पाणी" म्हणायचे. मी घट्ट केलेल्या पाण्यात बोट बुडवून ओठांना लावायचे. ते जीभ बाहेर काढून चाटायचे आणि तोंड फिरवायचे. ते पाणी नव्हतंच.

एका दुपारी नर्स आली, तरुण मुलगी, केस वर बांधलेले. तिने त्यांची नाडी बघितली, पायांना हात लावून बघितला, गुडघ्यांवरची कातडी बघितली. मग बाहेर गेली आणि एका छोट्या पेल्यात पाणी आणि काडीला लावलेला स्पंज घेऊन आली. पेला माझ्या हातात दिला. मी सवयीने पेला कलता करून बघितला. पातळ होतं. नळाचं साधं पाणी.

"हे घट्ट केलेलं नाही," मी म्हटलं.

"नाही," ती म्हणाली. "आता साधं चालेल."

मी तिच्याकडे बघितलं. तिनेही नजर चुकवली नाही. जुलैपासून मला कुणी हे म्हणालं नव्हतं. चालेल म्हणजे काय, ते मला कळलं.

मी भावाला व्हिडिओ लावला. फोन उशीला टेकवून उभा केला, बाबांचा चेहरा दिसेल असा. तिकडे संध्याकाळ झाली होती, तो रिक्षातच बसला होता, मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी म्हटलं, "पाणी देतंय." त्याला समजलं.

"तुळशीचा पान आसा?"

"हयसर खंयसून तुळस?"

"बरा." तो नाक पुसत होता. "तशाच घाल. ताय, तू घाल. माझ्या नावान पण घाल."

मी स्पंज पाण्यात बुडवला, पिळला नाही, भरलेलाच त्यांच्या जिभेवर ठेवला. बाबांचे ओठ मिटले. त्यांनी तो चोखला, लहान मूल चोखतं तसा, आवाज करून. मी पुन्हा बुडवला. भाऊ फोनमध्ये "बाबा, बाबा" म्हणत होता. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून मानेवर ओघळलं, ते मी पुसलं नाही. मी घशाकडे बघत होते, जुलैपासून बघत आले तशीच, घाटी वर जाते का, खाली येते का. नर्सने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ते आता बघू नका, त्यांच्या तोंडाकडे बघा.

मी तोंडाकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, पहिल्या घासाला गिऱ्हाइकाचे मिटतात तसे.